वाचकांचे प्रश्न : पाइपचा नऊ चौकोनी मांडव

प्रश्न : काळाचौकीतील जुन्या चाळीत आमचे छोटे क्रीडा मंडळ आहे. डोक्यावर पाइपचे नऊ चौकोन उभारून त्यांतून चेंडू वर मारण्याचा, अमेरिकेतील युवा शिबिरांत खेळला जाणारा खेळ आमच्या मुलांनी मोबाइलवर पाहिला आणि मे महिन्याच्या शिबिरात तो हवाच, असा त्यांचा हट्ट आहे. तयार संच आम्हाला परवडणार नाही. घरी बनवावा, तर त्याला लागणारे चार-पाच तोंडांचे जोड प्लंबिंगच्या दुकानात मिळत नाहीत. शिवाय चाळीच्या चौकात रात्री गाड्या लागतात, त्यामुळे सांगाडा कायम उभा ठेवता येणार नाही. काय करावे?
— एक वाचक, काळाचौकी

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबईत मोकळी जागा आपल्याला तासांच्या हिशेबाने मिळते, म्हणून पाइप विकत घेण्याआधीच सांगाडा रोज कसा सुटेल आणि मंडळाच्या खोलीत कुठे राहील, हे ठरवावे लागते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळात आम्ही सगळे सांधे सोल्युशनने पक्के चिकटवले. पहिल्या संध्याकाळी खेळ झकास झाला. पण तो सांगाडा कोणत्याच दारातून आत जाईना, आणि शेवटी करवतीने कापावा लागला. ती चूक आपण करू नये, म्हणून पुढचे थोडे सविस्तर लिहीत आहे.

चार-पाच तोंडांच्या जोडांचा शोध सोडून द्या. नऊही चौकोन एकाच पातळीत असले पाहिजेत ही अट काढून टाकली, की साधे एल्बो (काटकोनी जोड) आणि टी (तीन तोंडांचे जोड) पुरतात. चार-चार पायांच्या चार ओळी करायच्या. प्रत्येक ओळीत कडेच्या दोन पायांच्या डोक्यावर एल्बो, मधल्या दोघांच्या डोक्यावर टी, आणि त्यांना जोडणारे तीन आडवे पाइप. या चार ओळी समांतर उभ्या राहिल्या, की त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या दिशेने चार लांब पाइप टाकून ते सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे. गावाकडे मांडवाचे बांबू बांधतात, तीच ही रीत. पाइपवर रबर घट्ट बसते, सुतळीसारखे घसरत नाही, आणि सोडायला कात्रीही लागत नाही.

पाइप पीव्हीसीचा, सव्वा इंची, शेड्यूल ४० (पाइपच्या जाडीची श्रेणी) चा घ्यावा. ही खूण पाइपवरच छापलेली असते. वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त मिळतो, पण तो मधोमध झोळ खातो आणि चेंडूच्या माराने सांध्यापाशी चिरतो, तेव्हा त्या मोहात पडू नका. सहा मीटरच्या एका नगातून १८० सेंटिमीटरचे तीन आणि ३० सेंटिमीटरचे दोन तुकडे निघतात. आपल्याला १८० सेंटिमीटरचे ४० तुकडे लागतील : पायांसाठी १६, खालच्या आडव्या ओळींसाठी १२ आणि वरच्या थरासाठी १२. म्हणजे १४ नग घ्यावे लागतील. त्याशिवाय एल्बो ८, टी ८, एंड कॅप (टोकाची बुचे) १६ आणि जोडसॉकेट २४ : त्यांपैकी ८ वरच्या थराचे पाइप लांबीत जोडण्यासाठी, तर १६ पायांना खालून ३० सेंटिमीटरची जोड देण्यासाठी. मोठी मुले खेळताना ही जोड लावली, की उंची २१० सेंटिमीटर होते. लहान मुलांसाठी ती काढून टाकायची. कापणी दुकानातच करून घेतलेली बरी, कारण सहा मीटरचे नग चाळीच्या जिन्यातून चढवणे फार त्रासाचे होते.

सोल्युशन फक्त एका बाजूला लावायचे. एल्बो व टी पायाच्या डोक्याला चिकटवा, सॉकेट तुकड्याच्या एका टोकाला चिकटवा, आणि समोरचे तोंड कोरडे ठेवा. म्हणजे सुटे जोड हरवण्याचा प्रश्नच उरत नाही. कापलेल्या प्रत्येक टोकाची धार आतून-बाहेरून पॉलिश कागदाने मोडून घ्या. मग पाइप जोडात पूर्ण बसवून, जोडाच्या ओठालगत मार्कर पेनने पाइपभोवती एक रेघ मारा. पुढे सांगाडा उभारताना ही रेघ जोडाच्या ओठाला टेकली, की सांधा पुरता बसला, हे दहा वर्षांच्या मुलालाही कळते. आणि रेघ ओठापासून दूर दिसली, तर खेळ सुरू होण्यापूर्वी कोणीतरी ती पाहतेच. माझ्या मते सगळ्या कामात याहून मोलाची पाच मिनिटे नाहीत.

वरचा थर नुसता बांधलेला असल्यामुळे सांगाडा त्या दिशेने डुलतो. त्यासाठी वरच्या थराच्या दिशेच्या दोन्ही बाहेरच्या बाजूंना, मधल्या गाळ्यात (दोन पायांमधल्या जागेत), दोरीची ताणलेली फुली बांधावी. खेळाडू बाकीच्या गाळ्यांतून ये-जा करतील. चार कोपऱ्यांचे पाय रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादल्यांत वाळू भरून रोवावेत. आतल्या चार पायांना एसीच्या नळीवर चढवतात तशी काळ्या फोमची नळी खांद्याच्या उंचीपर्यंत घालावी, कारण चेंडूकडे वर बघत सरकणारे मूल या पायांनाच धडकते. पाइपला कोणीही लोंबकळायचे नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगावा आणि रोज सांगावा. डोक्यावरून केबलच्या वायरी गेलेल्या असतील, तर ती जागा सोडावी.

सांगाडा साधारण साडेपाच मीटर चौरस होतो. भोवती दीड मीटर मोकळे ठेवा. खेळ थोडक्यात असा : प्रत्येक चौकोनात एक खेळाडू, मधला राजा. राजा चेंडू आपल्या चौकोनातून वर उडवून दुसऱ्याच्या चौकोनात टाकतो. ज्याच्या चौकोनात तो उतरेल, त्याने झेलून न धरता एकाच फटक्यात पुन्हा वर घालवायचा. ज्याचा चेंडू जमिनीवर पडला किंवा सांगाड्याबाहेर गेला, तो बाद होऊन रांगेच्या शेवटी जातो, मागचे पुढे सरकतात, आणि सगळ्यांना राजाची जागा हवी असते. चेंडू हलका, मऊ असावा. पंचवीस-तीस मुलांच्या शिबिरात मला हा खेळ आवडतो तो यासाठी, की बाद झालेले मूल घरी जात नाही, पुन्हा रांगेत उभे राहते.

प्रश्न : आमच्या इमारतीखाली जेमतेम सात मीटर चौरस जागा आहे. गच्चीवर हा सांगाडा उभारावा का?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : गच्चीवर नको. चेंडू खाली रस्त्यावर जाईल, आणि त्याच्यामागे मुले कठड्यावर वाकतील. खालच्या जागेतच चार चौकोनांचा सांगाडा करा : तीन-तीन पायांच्या तीन ओळी, वर तीन पाइप. त्याला १८० सेंटिमीटरचे २१ तुकडे, म्हणजे नेमके ७ नग, ६ एल्बो, ३ टी, १२ सॉकेट आणि ९ एंड कॅप लागतील. बादल्या आणि दोरीची फुली इथेही लागेल. फुली दोन्ही बाजूंच्या कोणत्याही एका गाळ्यात बांधली तरी चालेल. आतला पाय एकच असल्यामुळे त्याला फोम थोडा जाड घाला. पावसाळ्यात सांगाडा सोडून आतच ठेवावा, आणि एरवीही तो उन्हात पडू देऊ नये, कारण उन्हाने हा पाइप ठिसूळ होतो.