चेहरा ओळखीचा, पण माणूस कोण?

प्रश्न : तुळशीबागेत एका गृहस्थांनी हसून ‘काय, बरं आहे ना?’ म्हणून विचारलं. चेहरा नक्की ओळखीचा, पण कोण ते काही केल्या आठवेना. रात्री जेवताना उमगलं, आमच्याच गल्लीतले औषधवाले! वय ५८. काळजीचं आहे का? – वाचक, कोथरूड

उत्तर : एवढ्यावरून मुळीच नाही. ओळखण्यात दोन वेगळी कामं असतात. ‘हा चेहरा पाहिलाय’ ही जाणीव क्षणात होते. कोण, कुठला, कधी भेटला हा तपशील मागून येतो आणि त्यासाठी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला राबावं लागतं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० साली दिलेलं उदाहरण जवळपास तुमचंच आहे : बसमध्ये दिसलेला, पण कोण ते न आठवणारा खाटीक.

औषधवाले तुम्हाला कायम काउंटरमागे, गोळ्यांच्या खोक्यांपुढेच दिसलेले. ते काउंटर आठवणीचाच भाग झालेलं असतं. बांगड्यांच्या दुकानासमोर ते कुठून येणार?

अशा वेळी नाव आठवत बसू नका. आधी जागा शोधा : सोसायटी, बँक, दवाखाना, लग्नाची पंगत. ‘आज इकडे कुठे?’ असं विचारलं की समोरचाच धागा देतो. नाव सगळ्यात शेवटी येतं, कारण त्याला चेहऱ्याशी बांधणारं काही नसतं. एखादा धंद्याने सोनार आहे हे लक्षात राहतं; आडनाव सोनार असेल तर तेच निसटतं.

मात्र रोजची माणसं ओळखू येईनाशी झाली किंवा नेहमीचा रस्ता चुकायला लागला तर डॉक्टरांना दाखवा. हे अचानक घडलं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रश्न : नोट्स चारदा वाचल्या. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, कोऱ्या कागदापुढे मात्र डोकं रिकामं. – विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : वाचताना तुम्ही मजकूर ओळखता, आठवत नाही. ओळखणं फार स्वस्त असतं. लायोनेल स्टँडिंग यांच्या १९७३ च्या प्रयोगात लोकांना १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक ५ सेकंद. नंतर पाहिलेलं आणि नवं अशी जोडी समोर ठेवली, तर सुमारे ८३ टक्के वेळा बोट बरोबर चित्रावर पडलं. तीच चित्रं मनाने सांगायला लावली असती, तर बहुतेकांची गाडी पहिल्या काही डझनांतच अडली असती.

म्हणून एक प्रकरण वाचा, वही मिटा आणि दहा मिनिटं आठवेल ते लिहा. मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग, आठवड्याने पुन्हा सगळं, दोन्ही वेळा वही न बघता. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे तपासलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, न बघता लिहिणाऱ्यांना ५६.

चूक होते ती अडल्याबरोबर वही उघडण्यात. ‘हो हो, हेच म्हणायचं होतं’ असं वाटतं आणि तीच ओळख पुन्हा फसवते. निदान मिनिटभर तरी अडून राहा. हायलायटरने अख्खं पान पिवळं करण्याची अभ्यासिकेतली सवयही सोडा. त्याने पान तेवढं ओळखीचं होतं.