एडमंटनच्या आधी ती पॉलिसी परत करा

वाकडच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३६, चाकणच्या कंपनीत मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर, पगार वर्षाला १८ लाख. पत्नी फार्मासिस्ट, त्यांचे ६ लाख. मुलगी सहा वर्षांची, मुलगा दोनचा. कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आला आहे आणि सप्टेंबरपर्यंत तिथे उतरायची मुदत आहे. १८ जानेवारीची चौघांची तिकिटं काढायच्या बेतात आहेत. शहर ठरलंय एडमंटन. तिथे ओळखीचं कोणी नाही, पण टोरांटोच्या मानाने घरभाडं परवडतं. प्रश्न एकच विचारलाय: 'वाकडचा फ्लॅट विकावा की भाड्याने द्यावा?' फ्लॅट २०१७ साली ६२ लाखांना घेतलेला, आज ९५ लाख येतील, कर्ज ३८ लाख बाकी, हप्ता ३६ हजार.

फ्लॅटकडे येतोच. पण पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: 'मुलांच्या शिक्षणाची सोय करून ठेवली आहे. वडिलांच्या ओळखीच्या काकांकडून गॅरंटीड पॉलिसी घेतली, वर्षाला ५ लाख, १० वर्षं. एनआरआय झाल्यावर मिळणार नाही म्हणाले, म्हणून घाईने घेतली. पॉलिसीचे कागद ३ तारखेला घरी आले.'

पत्र मी २१ तारखेला वाचलं. त्याच रात्री तुम्हाला चार ओळींची ईमेल केली, आता इथे सविस्तर लिहितो.

पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लुक म्हणतात. कारण पटवून द्यावं लागत नाही. स्टँप ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा-संरक्षणाचे थोडे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. तुमच्याकडे बारा दिवस उरलेत. अर्ज कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, शिक्क्यासह पोच घ्या आणि शिवाय कंपनीच्या अधिकृत ईमेलवरही पाठवा. काकांच्या हातात देऊ नका. ते अडवतील असं मी म्हणत नाही. 'जरा थांब, मी साहेबांशी बोलतो' एवढं म्हणण्यातच बारा दिवस संपतात.

आता हिशेब. १० वर्षं ५ लाख म्हणजे ५० लाख भरायचे. त्यानंतर दोन वर्षं काही नाही. मग १५ वर्षं दरसाल साडेपाच लाख आणि शेवटी भरलेले ५० लाख परत. काकांनी बेरीज करून दाखवली, १ कोटी ३२ लाख. बेरीज बरोबर आहे. पण शेवटचा पैसा २६ वर्षांनी येतो. कोणता पैसा कधी गेला आणि कधी आला हे धरून परतावा काढला तर तो वर्षाला ६ टक्के पडतो. पीपीएफसुद्धा गेली कित्येक वर्षं यापेक्षा जास्त देतंय. आणि 'मुलांच्या शिक्षणासाठी' म्हणाल, तर तुमची मुलगी अठराची होईल तेव्हा पहिले साडेपाच लाख मिळतील. एडमंटनमध्ये तेव्हा ते किती पुरतील?

'करमुक्त' या शब्दाबद्दलही बोलतो, कारण याच शब्दावर माणसं सही करतात. वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या हप्त्याच्या अशा पॉलिसीची रक्कम भारतात करमुक्त आहे, हे खरं. पण कॅनडाचा रहिवासी झालात की तुमचं जगभरचं उत्पन्न तिथे करपात्र होतं आणि भारतातली सूट तिथे चालत नाही. पीपीएफच्या व्याजालाही हेच लागू. कॅनडाला निघालेल्या माणसाला हे न सांगता पॉलिसी विकणं ही चुकीची विक्रीच आहे, मग विकणारा कितीही घरचा असो.

विमा म्हणूनही ती अपुरी आहे. संरक्षण ५० लाखांचं. दोन लहान मुलं आणि ३८ लाखांचं कर्ज असलेल्या माणसाला दीड कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) हवा, आणि तुमच्या वयाला तो वर्षाला २०-२५ हजारांत मिळतो. निघण्यापूर्वी घ्या, कॅनडाला जाणार हे अर्जात स्पष्ट लिहा.

पण ही पॉलिसी मला खरी बोचते ती पुढच्या वर्षीच्या हप्त्यामुळे. तो येईल तेव्हा तुम्ही एडमंटनमध्ये असाल, आणि बहुधा मनासारख्या नोकरीशिवाय.

पत्रात लिहिलंय, 'कन्सल्टंटच्या मते एक-दीड महिन्यात ८०-९० हजार डॉलरची नोकरी लागेल, पत्नीही लगेच सुरू करतील, वर्षभरात घर घेऊ.' हे वाचून मला चिंता वाटली. एडमंटन ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात स्वतःला मेकॅनिकल इंजिनिअर म्हणवून घ्यायला आपेगा या संस्थेचा परवाना लागतो. परवाना नसतानाही डिझाइनर म्हणून किंवा परवानाधारकाच्या हाताखाली काम करता येतं, आणि शहराच्या दक्षिणेला निस्कू नावाचा मोठा औद्योगिक पट्टा आहे, तेल-वायूच्या यंत्रसामग्रीची कामं तिथे चालतात. तुमचा चाकणचा अनुभव तिथे उपयोगी पडेल. पण पहिलं बोलावणं यायलाच काही महिने जातात. मी सहा ते दहा महिने धरतो. पत्नींना आधी कागदपत्रांची तपासणी, मग फार्मसीच्या राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा, मग प्रशिक्षण. दीड-दोन वर्षं धरा, आणि परीक्षांचे काही हजार डॉलर वेगळे. कागद-तपासणीचा अर्ज त्यांनी पुण्यातूनच आजच टाकावा. विद्यापीठातून कागद काढणं इथे असताना सोपं, तिथून फार जड जातं.

पहिल्या वर्षाचा खर्च मांडू. कॅनडाचा डॉलर ६५ रुपये धरतो. दोन बेडरूमचं भाडं १,७००. वीज, हीटिंग, इंटरनेट, फोन ३५०. किराणा १,०००. गाडी, पेट्रोल, विमा ७००. नवख्या चालकाला अल्बर्टात गाडीचा विमा महाग पडतो, म्हणून इथल्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचं पत्र आणि आरटीओकडून लायसन्सचा इंग्रजी दाखला घेऊन जा. किरकोळ ३००. महिन्याला साधारण ४,००० झाले, वर्षाचे ४८,०००. शिवाय जुनी गाडी १२,०००. डिपॉझिट, गाद्या, भांडी, चौघांचे थंडीचे कपडे ५,०००. एकूण ६५,०००.

यातून वजा होईल तो मुलांचा सरकारी भत्ता. सहा वर्षांखालच्या मुलासाठी वर्षाला जवळपास ८,००० आणि मोठ्या मुलासाठी पावणेसात हजार डॉलरपर्यंत मिळतात. पीआर असलेल्यांना थांबावं लागत नाही, पण अर्ज स्वतः करावा लागतो आणि येण्यापूर्वीचं भारतातलं उत्पन्नही सांगावं लागतं. तुमचे २४ लाख म्हणजे ३७ हजार डॉलर. या पातळीला भत्ता जवळजवळ पूर्ण मिळतो. महिन्याला १,२०० समजा. पैसे सुरू व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून पहिल्या वर्षात ११,०००च धरतो. उरले ५४,०००, म्हणजे ३५ लाख. तिकिटांचे ४ लाख मिळवले की ३९.

तुमच्या पत्रानुसार एफडी आणि बचत खात्यात २२ लाख होते, पॉलिसीने ५ नेले, १७ उरले. म्युच्युअल फंडात १४. हाताशी ३१ लाख. म्हणजे पहिल्याच वर्षी ८ लाख कमी, त्यात पॉलिसीचा दुसरा हप्ता ५ लाख, आणि फ्लॅट भाड्याने दिला तर त्याची तूट वेगळी. परक्या शहरात, उणे ३० अंशांत, दोन लहान मुलांसह, खात्यातले आकडे उतरताना बघत माणूस पहिली मिळेल ती नोकरी धरतो आणि मग तिथेच अडकतो. किमान वेतन ताशी १५ डॉलर आहे. पूर्ण वेळ काम केलं तर हातात महिन्याला २,२००च्या आसपास येतात. ते काम कमी प्रतीचं मुळीच नाही, पण ते मुलाखतींसाठी वेळ मिळवायला करावं, भाडं थकलं म्हणून नव्हे. पॉलिसीतले ५ लाख म्हणजे या हिशेबात दोन महिन्यांचं घर आहे. ते २६ वर्षांसाठी ६ टक्क्यांवर कोंडून ठेवू नका.

काकांना काय सांगायचं, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणार. माझा सल्ला असा: आधी अर्ज देऊन पोच घ्या, मग वडिलांना बरोबर घेऊन काकांच्या घरी जा आणि स्पष्ट सांगा, 'पहिल्या वर्षाला रोकड कमी पडतेय, म्हणून परत केली.' हे शब्दशः खरं आहे. काकांचं कमिशन जाईल, दोन महिने अबोला राहील. आई-वडील इथेच राहणार, त्यांना काकांच्या सोबतीची गरज आहे, हेही मला कळतं. म्हणून फोनवर नको, समोर बसून सांगा. मात्र मुदत उलटल्यावर गेलात तर पहिला हप्ता पूर्ण हाती येणार नाही. आणि वडिलांनी 'राहू दे, मी भरतो' म्हटलं तर नको म्हणा. त्यांच्या पेन्शनीतून आधी त्या दोघांचा आरोग्यविमा घ्या. तुमच्या कंपनीचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

आता फ्लॅट. विका, आणि शक्यतो ३१ मार्चच्या आत.

भाड्याने दिलात तर भाडं २८ हजार, सोसायटीचे ४ हजार वजा, हप्ता ३६. शिवाय मालक एनआरआय असला की भाडेकरूने ३१ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा असतो. रिटर्न भरून तो बराचसा परत मिळेल, पण वर्षभर अडकतो. रोखीत दरमहा २० हजारांची तूट, वर्षाला अडीच लाख.

विकण्याची तारीख महत्त्वाची आहे, कारण जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई-निर्देशांकाने खरेदी-किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के कर भरायचा पर्याय फक्त निवासी भारतीयांना आहे. तसं केलंत तर कर सुमारे २ लाख, नाहीतर साडेबारा टक्क्यांनी ४ लाख. निवासी असताना खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी झालात की साडेबारा टक्के आणि वर उपकर, तोही बहुतेक वेळा पूर्ण किमतीवर, म्हणजे १२ लाखांच्या वर रक्कम अडकते. एप्रिलमध्ये निघालात तर नव्या आर्थिक वर्षात तुम्ही अनिवासी ठराल, म्हणून नोंदणी मार्चअखेर झालेली बरी. कर्ज, कर, दलाली जाऊन ५० लाखांवर हातात राहतील. मार्चपर्यंत गिऱ्हाईक मिळालंच नाही तर वडिलांना मुखत्यारपत्र द्या, कमी टीडीएसचा दाखला काढा, आणि कॅनडात पाऊल ठेवाल त्या तारखेचं फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या. कॅनडा त्या दिवसाची किंमत तुमची खरेदी-किंमत मानतो, त्याआधीच्या नफ्यावर कर लावत नाही.

पैसे पाठवताना दोघांच्या खात्यांतून वेगवेगळे पाठवा. माणशी आर्थिक वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) नाही, त्यापुढे २० टक्के. मार्चमध्ये दोघांचे १०-१०, एप्रिलमध्ये पुन्हा १०-१०, असे ४० लाख टीसीएसशिवाय जातील.

म्हणूनच १८ जानेवारी नको. तुम्ही एकटे एप्रिलअखेर जा. बर्फ ओसरलेला असतो, पायी फिरून घर बघता येतं. मिल वुड्स भागात दक्षिण आशियाई वस्ती मोठी आहे, आणि तिथून शहराच्या मध्यभागापर्यंत आता ट्रेन जाते. सुरुवातीला गाडी नसली तरी चालेल. पत्नी आणि मुलं ऑगस्टच्या मध्यावर येऊ देत, शाळा सुरू व्हायच्या आधी. चार महिने खोलीत राहिलात तर महिन्याला २,५०० डॉलर वाचतील, १,२०० चा भत्ता बुडेल. चार महिन्यांचा निव्वळ फायदा ५,००० डॉलर, सव्वातीन लाख रुपये. पण माझ्या मते पैशापेक्षा महत्त्वाचं हे की मुलं उतरतील तेव्हा घरात गाद्या, शाळेत नाव आणि बापाला बसचे नंबर पाठ असतील. पाळणाघराची घाई करू नका. सरकारी अनुदानामुळे पूर्ण वेळाचे महिन्याला ३२६ डॉलरच पडतात, पण प्रतीक्षा यादी असते. धाकट्याचं नाव पोहोचताच नोंदवा. अल्बर्टाचं आरोग्य कार्ड तुम्ही तिथे पोहोचल्यापासून लागू होतं, दात आणि चष्मे मात्र त्यात नाहीत. ती कामं पुण्यात उरकून घ्या.

बाकीचं थोडक्यात. मुलीचं सुकन्या खातं अनिवासी झाल्यावर चालत नाही. पोस्टात कळवून बंद करा. पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं खातं, करून घ्या. कॅनडातल्या रहिवाशांचे पैसे बरेच फंड घेत नाहीत, म्हणून एसआयपी निघण्यापूर्वी थांबवा. घर घ्यायचा विचार पहिल्या वर्षी नको.

पॉलिसी परत केल्याची पोच मिळाली की तिचा फोटो मला पाठवा. फ्लॅटच्या कराराचे कागद त्यानंतर बघू.