टिग वेल्डिंग शिकताना: वेल्ड काळं का पडतं, टंगस्टन का चिकटतो

प्रश्न : साधं रॉडचं वेल्डिंग बऱ्यापैकी जमतं. आता टिगसाठी लिफ्ट आर्कचं (टंगस्टन टेकवून उचलला की आर्क लागते असं) २०० अँपियरचं डीसी मशीन घेतलं आहे. २ मिमी एमएस (साधं लोखंड) पट्टीवर वेल्ड काळं येतं आणि त्यात बारीक भोकं पडतात. आर्गॉन तर चालू असतो. चुकतंय कुठे? (वाचक, कोल्हापूर)

टिगमध्ये आर्क टॉर्चमधल्या न वितळणाऱ्या टंगस्टनच्या काडीतून निघते आणि आर्गॉन गॅस हवा दूर ठेवतो. म्हणून हाताला दोष देण्याआधी टंगस्टन तपासा. ग्राइंडरने पांढऱ्या केलेल्या तुकड्यावर भरणीचा रॉड न लावता पाच सेकंद आर्क धरा, बंद करा आणि गॅस थांबेपर्यंत टॉर्च जागचा हलवू नका. टोक चांदीसारखं चकचकीत राहिलं तर गॅस नीट पोचतोय. निळं-जांभळं किंवा काळं पडलं तर गॅस कमी आहे, लवकर बंद होतोय किंवा त्यात हवा मिसळतेय.

गॅस मिनिटाला ७ ते ९ लिटर पुरतो. तो टॉर्चचा वॉल्व्ह उघडा ठेवून, वाहता असताना मोजा. भोकं पडली की गॅस वाढवायचा, ही सवय लागू देऊ नका. लहान नोझलमधून १५-२० लिटर सोडला की झोत घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. पंखा बंद ठेवा. रेग्युलेटरपासून टॉर्चपर्यंतच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघा. टॉर्चच्या मागच्या टोपीतली ओ-रिंग आणि तडकलेलं सिरॅमिक नोझल यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही, म्हणून ते मुद्दाम पाहा. आर्क विझल्यावर ८० अँपियरला सात-आठ सेकंद गॅस चालू राहायला हवा. वॉल्व्ह हाताने बंद करायचा असेल तर घाई करू नका.

टोक चकचकीत आहे आणि तरी भोकं पडतायत? मग दोष लोखंडात किंवा रॉडमध्ये आहे. साध्या रॉडवरचा फ्लक्स (वरचं आवरण) थोडा गंज, थोडी घाण सांभाळून घेतो. टिगमध्ये असं सांभाळून घेणारं काही नाही. पट्टीवरचा काळा थर जोडाच्या दोन्ही बाजूंना १५-२० मिमीपर्यंत, कडांवरून आणि खालूनही घासून काढा. मग अॅसिटोनने पुसा, रॉडसुद्धा पुसा, आणि ते पूर्ण वाळल्यावर, डबा व चिंधी दूर ठेवूनच आर्क लावा. ब्रेक क्लीनर मात्र कधीही वापरू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि आर्कच्या उष्णतेने व अतिनील किरणांनी त्यापासून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो.

रॉड घेताना ईआर ७० एस-२ किंवा ईआर ७० एस-६ हा नंबर वाचून घ्या. गॅस वेल्डिंगच्या साध्या तारेवरही तांब्याचा मुलामा असतो, त्यामुळे नुसतं बघून फरक कळत नाही. पण त्या तारेत ऑक्सिजन बांधून ठेवणारं सिलिकॉन आणि मँगनीज पुरेसं नसतं, आणि वेल्ड फसफसतं.

प्रश्न : टंगस्टन सारखा चिकटतो. निम्मा वेळ ग्राइंडरवरच जातो. (वाचक, चाकण)

बहुतेक वेळा कारण एकच : मनगट अधांतरी असतं. करंगळी किंवा तळहाताची कड टेबलावर टेकलीच पाहिजे. मशीन बंद ठेवून, हेल्मेट न घालता, संपूर्ण जोडावरून टॉर्च एकदा सरकवून बघा. हात मध्येच अडला तर बसायची जागा बदला. टंगस्टन नोझलबाहेर ५-६ मिमी आणि कामापासून दीड-दोन मिमी वर. टॉर्चचा माथा पुढे जायच्या दिशेच्या उलट १५ अंश कललेला. त्याहून जास्त कलला की आर्क लांबते, वितळलेल्या धातूचं डबकं पसरतं, आणि रॉडचं टोक डबक्यात जाण्याआधीच वितळून त्याचा गोळा होतो. तो गोळा उडी मारून टंगस्टनला चिकटतो. म्हणून रॉड पट्टीपासून १५-२० अंशांवर, अगदी आडवा धरा आणि डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवा, आर्कमध्ये खुपसू नका. मागे घेतानाही त्याचं गरम टोक गॅसच्या छायेतच ठेवा.

घासताना टंगस्टनवरच्या रेषा लांबीच्या दिशेने याव्यात, आडव्या आल्या तर आर्क भटकते. टोकाची लांबी व्यासाच्या दोन-अडीच पट, म्हणजे २.४ मिमीच्या टंगस्टनला साधारण ५-६ मिमी. दगड वेगळाच ठेवा, लोखंड घासलेला नको. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं आणि त्याची धूळ किरणोत्सारी असते. शिकताना तर सारखं घासावं लागतं, तेव्हा लँथनमचा, सोनेरी किंवा निळ्या पट्टीचा घ्या.

नवं टोक लावताक्षणी गोळा होऊन वितळत असेल तर टॉर्च पॉझिटिव्हला जोडला गेलाय. एमएस आणि एसएसला (स्टेनलेस स्टीलला) टॉर्च निगेटिव्हलाच हवा.

प्रश्न : सराव कोणत्या क्रमाने करावा? करंट किती? (वाचक, नाशिक)

२ मिमी एमएसला ७० ते ८० अँपियरपासून सुरुवात करा. पहिल्यांदा रॉड हातात घेऊच नका. नुसत्या आर्कने ५-६ मिमी रुंदीचं डबकं तयार करा आणि तेवढ्याच रुंदीची रेघ ओढा. नजर आर्कच्या उजेडावर नको, डबक्याच्या पुढच्या कडेवर हवी. दिसत नसेल तर काच जास्त गडद आहे का पाहा. या करंटला ९ किंवा १० नंबरची चालते. रेघ एकसारखी आली की रॉड घ्या. मग बाहेरच्या कोपऱ्याचा जोड, नंतर लॅप (एकावर एक पट्टी), मग टी, आणि बट (कडेला कड) सगळ्यात शेवटी.

पट्टी तापत जाते तशी रेघ रुंदावते, तेव्हा करंट कमी-जास्त करणारं पेडल नसेल तर वेग वाढवा किंवा तुकडा गार होऊ द्या. शेवटी आर्क एकदम तोडली की खड्डा पडतो आणि त्यातून तडा जातो. शेवटचा थेंब रॉडचा टाका आणि डाऊनस्लोप (करंट हळूहळू उतरण्याचा वेळ) दोन-तीन सेकंदांचा ठेवा.

४७ लिटरच्या, १५० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर आर्गॉन असतो. मिनिटाला ८ लिटरने तो साधारण साडेचौदा तास चालतो. खर्चाचा अंदाज त्यावरून बांधा.

प्रश्न : एसएस ३०४ च्या पाइपचं वेल्ड करड्या रंगाचं येतं आणि आतून खडबडीत होतं. (वाचक, बेळगाव)

करडा रंग म्हणजे उष्णता जास्त झाली. करंट उतरवा, वेग वाढवा. फिकट सोनेरी रंग आला की समजा बरोबर. आतल्या बाजूला तापलेल्या धातूला हवा लागते म्हणून साखरेसारखे दाणे येतात. दोन्ही तोंडं टेपने बंद करा, एका बाजूने मिनिटाला ४-५ लिटर आर्गॉन सोडा, दुसऱ्या बाजूला हवा निघायला छोटं भोक ठेवा आणि आतली हवा निघून गेल्यावरच आर्क लावा. रॉड ३०८ एल, एसएस-एमएस जोडाला ३०९ एल. लोखंडावर वापरलेला ब्रश एसएसला लावू नका, त्या जागी गंज धरतो.

प्रश्न : याच डीसी मशीनवर अॅल्युमिनियम होईल का? (वाचक, पणजी)

नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यावरच्या ऑक्साइडच्या थराला मात्र २,००० अंशांहून जास्त लागतात. तो थर फोडायला एसीच हवा. एसी-डीसी मशीन महाग असतं, तेव्हा आधी एमएसवर हात बसवा.