क्वालालंपूरची नोकरी घेऊ का, असं विचारणाऱ्या पुण्याच्या वकीलबाईंना

तुम्ही लिहिलंय की कोंढव्यात राहता, एका बँकेच्या विधी विभागात आहात, मलेशियात क्वालालंपूरच्या इस्लामिक, म्हणजे व्याजाशिवाय चालणाऱ्या बँकेत ग्राहकांचे करार आणि हरित सुकूक (पर्यावरणाला पोषक प्रकल्पांसाठीचे, व्याजाऐवजी मालमत्तेच्या उत्पन्नावर चालणारे रोखे) बघायचं काम मिळतंय आणि मुलगा दुसरीत आहे. व्याज नको म्हणून अब्बांनी आयुष्यभर कर्ज काढलं नाही, भाड्याच्याच घरात राहिले. मग हे काम खरंच न्याय्य आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. व्हिसा, कर, घरभाडं यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर नीट मिळते, ते सोडते. मी सहकारनगरची, वकिली शिकले आयएलएसमध्ये आणि इथे क्वालालंपूरला हेच काम करते. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

बाजाराबद्दलचा शरियतचा कायदा मुळात गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ‘जो फसवतो तो आमच्यातला नाही’ असं बजावलं, ही हदीस तुम्हाला ठाऊकच असेल. मापात मारणाऱ्यांवर कुराणात ८३वी सूरा, म्हणजे अख्खा अध्याय आहे. मालात दोष निघाला तर सौदा मोडायचा हक्क आहे, आणि पूर्वी बाजारावर नजर ठेवायला मुहतसिब असे. माझी आई ग्राहक पंचायतीचं काम करायची, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केली तीच. त्यामुळे इथे आल्यावर हा भाग मला कधी परका वाटला नाही.

पण रोज हातात येतात ते करार, आणि तिथे जपून राहावं लागतं. इथे येण्याआधी अफिन बँक विरुद्ध झुल्किफली हा २००६ सालचा इथला निकाल जरूर वाचा. बँक घर विकत घेते आणि नफा धरून तेच घर ग्राहकाला हप्त्यांवर विकते, अशा पद्धतीचा तो सौदा होता. ग्राहकाचे हप्ते थकले तेव्हा बँकेने अजून न उलटलेल्या वर्षांचा नफाही धरून ९ लाख ५८ हजारांवर रिंगिट (इथलं चलन) मागितले. उच्च न्यायालयाने तो पुढचा नफा नाकारला. २००९ मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात अशा करारांची बाजू उचलून धरली. शेवटी बँक नेगारा या मध्यवर्ती बँकेनेच, मुदतीआधी फेड झाली तर न कमावलेल्या नफ्याची सूट द्यायची, हे करारात लिहिणं बंधनकारक केलं. तत्त्व कितीही जुनं असो, ग्राहकाला दिलासा मिळाला तो कलमात उतरल्यावर. तुमचं काम हेच असणार आहे, आणि ते फार मोलाचं आहे.

थकबाकीचं कलमही बघा. उशीर झाला म्हणून बँक फक्त प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई घेऊ शकते. त्यावर दंड लावला तर तो दानधर्माला जातो, बँकेच्या नफ्यात धरता येत नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेने दंडाचं व्याज बंद करून नुसतं शुल्क ठेवायला सांगितलं ते २०२३ मध्ये, आणि तरी ते शुल्क बँकेकडेच राहतं. अब्बांना हे जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल.

आता मला अजून सलणारी गोष्ट. इथल्या इस्लामिक बँकांचं बरंचसं घरकर्ज आज तवर्रुक नावाच्या पद्धतीवर चालतं. बँक बुर्सा सूक अल-सिला या बाजारात पाम तेल घेते, ग्राहकाला उधारीवर वाढीव भावाने विकते आणि ग्राहकाच्या वतीने लगेच रोखीत विकून टाकते. ग्राहकाच्या हाती रोकड येते आणि डोक्यावर हप्ते. ग्राहकाने तेल पाहिलेलंही नसतं. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मशास्त्रीय कायदा) अकादमीने असा आखीव तवर्रुक नाजायज ठरवला. मलेशियाची शरिया सल्लागार परिषद तो मान्य करते. माझं मत अकादमीच्या बाजूचं आहे. २०१९ मध्ये इंडोनेशियातली दलदलीची रानं पेटली, धुराने इथल्या शाळा बंद पडल्या आणि माझा मुलगा खिडक्या लावून घरात बसला. त्या आगींमागे पामच्या लागवडीसाठी साफ केलेली जमीनही होती. मी बाजूच्या खोलीत पाम तेलाचेच करार तपासत होते.

म्हणून हरित सुकूकचं काम मिळत असेल तर सोडू नका. इथल्या रोखे आयोगाने २०१४ मध्ये अशा सुकूकसाठी चौकट आखली, २०१७ मध्ये साबा राज्यातल्या सौर प्रकल्पासाठी ताडाऊ एनर्जीचा २५ कोटी रिंगिटचा पहिला हरित सुकूक निघाला. पैसा कुठे लागला याचा अहवाल द्यावा लागतो, आणि खाली खरी मालमत्ता असते. मुलाखतीत दोनच गोष्टी विचारा: दंडाचे पैसे कोणत्या संस्थेला जातात, आणि तो अहवाल बाहेरचं कोण तपासतं. उत्तर गुळमुळीत आलं तर नीट विचार करा.

शाळेचं मात्र मनावर घ्या. आमच्या मुलाला इथल्या एका शाळेने चाचणी न घेताच जादा इंग्रजीच्या वर्गात बसवलं आणि त्याची वेगळी फी लावली. तो पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेला, फाडफाड बोलणारा. मी पत्रं लिहिली, भेटले. उत्तर एकच, भारतातून येणाऱ्या मुलांसाठी असंच धोरण आहे. तो वर्षभर घरी गप्प असायचा. आता उंच झालाय, त्याला आठवतही नाही म्हणतो, पण माझा राग गेलेला नाही. प्रवेशाआधी चाचणी लेखी मागा. अनामत कधी आणि किती परत मिळणार, तेही लेखी.

कागदपत्रांत आपलं मधलं नाव छळतं. लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. हे पुण्यातच सारखं करून घ्या, इथून महापालिकेच्या खेपा घालता येत नाहीत.

एकटेपणाचं विचारलंत. होतो, सवय लागते, महाराष्ट्र मंडळात जा.

मला जड जातं ते वेगळंच. पुण्यात लग्नकार्याला गेले की काय करतेस विचारतात, मी सांगते, आणि ‘इस्लामिक’ ऐकून माणसं विषय बदलतात. आईसुद्धा नातेवाइकांत फक्त ‘बँकेत आहे’ म्हणते. जिने मला दुकानदाराकडे पावती मागायला शिकवलं तिला हे काम समजावं, असं मला फार वाटतं, आणि फोनवर ते जमत नाही. तुमच्या घरी निदान अब्बा विचारतील, वाद घालतील. त्याचा मला हेवा वाटतो.

नोकरीचं पत्र आणि शाळेचा फॉर्म सही करण्याआधी मला पाठवा. दोन्ही वाचून, कलमांवर खुणा करून परत पाठवते.