प्रश्न तुमचे : बहाई धर्म आपल्याला पटतो की नाही, हे कसे ओळखावे?

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका असून आमचे घर वारकऱ्यांचे आहे. वर्षभरापूर्वी एका मैत्रिणीसोबत बहाई प्रार्थनासभेला गेले. ईश्वर एक, मानवजात एक, पुरोहित नाहीत, स्त्री-पुरुष समान, धर्म आणि विज्ञान यांत वैर नाही, हे सारे मला माझेच विचार वाटले. मग मी मनाने बहाईच आहे, असे समजावे काय? देवघरातील विठ्ठलाचे काय करावे? आईला हे कसे सांगू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण दिलेल्या यादीतील तत्त्वे आज बहुतेक सुशिक्षित माणसे मान्य करतील, म्हणून ती पटली एवढ्यावरून आपण बहाई आहात की नाही हे ठरत नाही. कसोटी लागते ती जिथे आपले घरचे संस्कार आणि ही शिकवण वेगळ्या वाटांनी जातात तिथे.

पहिली जागा ‘सर्व धर्म सारखेच’ या आपल्याकडील लाडक्या वाक्याची आहे. बहाई म्हणणे याच्या जवळचे भासते, पण ते तसे नाही. त्यांच्या मते ईश्वर युगायुगांतून मानवाच्या कुवतीप्रमाणे एकामागून एक दूत पाठवतो. कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद हे त्या मालिकेतले, आणि आजच्या युगासाठी या धर्माचे संस्थापक, १८१७ मध्ये तेहरानमध्ये जन्मलेले बहाउल्लाह, ज्यांनी १८६३ मध्ये बगदादमध्ये आपले कार्य जाहीर केले आणि ज्यांचा अंत हद्दपारीतच १८९२ मध्ये आजच्या इस्राएलमधील अक्का शहराजवळ झाला. यापुढचा दूत निदान १,००० वर्षे येणार नाही, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे सर्व वाटा समान, असे हा धर्म म्हणत नाही. या काळाची वाट ही, असे म्हणतो. बहाउल्लाहांविषयीचा हा दावा आपल्याला मनापासून खरा वाटतो काय? बाकीचे सारे याच उत्तरावर उभे आहे.

विठ्ठलाविषयी आपण विचारले आहे. स्वच्छ आरशात सूर्य दिसावा तसा दूतात ईश्वर दिसतो, पण सूर्य आरशात उतरत नाही, ही त्यांची उपमा आहे. म्हणून ईश्वर देह धरून विटेवर उभा राहतो हे त्यांना मान्य नाही आणि मूर्तिपूजाही नाही. पुनर्जन्मही नाही. आत्मा देहाबाहेर पुढे वाढत जातो, पण परत जन्म घेत नाही. पुन्हा गर्भवास मागणारे अभंग म्हणत आपण वाढलात. ते सोडवेल की नाही, हे केवळ बुद्धीने ठरणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. आईच्या हरिपाठाला प्रेमाने बसण्यास मात्र कोणाची आडकाठी नसावी.

स्त्री-पुरुष समानता आपणांस विशेष भावली, म्हणून हेही आधीच सांगतो की इस्राएलमधील हैफा येथील विश्व न्याय मंदिर ही सर्वोच्च निर्वाचित संस्था ९ सदस्यांची असून तिच्यावर फक्त पुरुषच निवडले जातात. मुलींच्या शिक्षणाला मुलांपेक्षाही अग्रक्रम देणारा हा धर्म येथे असा का थांबतो, हे आपल्या मैत्रिणीला जरूर विचारावे. मला स्वतःला त्यांचे उत्तर पुरेसे वाटलेले नाही.

आचाराचे नियम थोडक्यात असे : मद्य वर्ज्य, पक्षीय राजकारणापासून दूर राहणे, रोजची ठरावीक प्रार्थना (तीनपैकी एक निवडता येते, सर्वांत लहान दुपारी एकदा म्हणावयाची असून ती काही ओळींचीच आहे), आणि मार्चमध्ये १९ दिवस सूर्योदय ते सूर्यास्त उपवास, ज्याची सांगता नवरोज या त्यांच्या नववर्षदिनाने होते. मृत्यूनंतर दहन नाही, दफन असते, आणि तेही मृत्यूच्या ठिकाणापासून तासाभराच्या प्रवासाच्या आत. आईशी बोलताना बहुधा हीच गोष्ट सर्वांत अवघड जाईल, तेव्हा ती शेवटी न सांगता आधीच सांगावी.

निर्णयाची घाई कोणी करू नये. सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतः घ्यावा, हे बहाई शिकवणीतच सांगितले आहे. त्यामुळे सभासद न होताही आपण प्रार्थनासभेला आणि अभ्यासवर्गाला जात राहू शकता. पाचगणीला १९४५ पासून त्यांची शाळा आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्याला हा समाज अनोळखी नाही. देणगीचे दडपणही आपल्यावर येणार नाही, कारण त्यांच्या धर्मनिधीसाठी बहाई नसलेल्यांकडून पैसे घेतलेच जात नाहीत.