पोटात कळ येते, मुरडा येतो, गोळा येतो: सगळं ‘पोटदुखी’च का?

नाशिकमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "वॉर्डात कुणी कळ म्हणतं, कुणी मुरडा, कुणी गोळा, कुणाचं पोट गच्च झालेलं असतं. पुस्तकं आणि केसपेपर इंग्रजीत, म्हणून मी सगळ्यांपुढे पोटदुखीचा एकच इंग्रजी शब्द लिहिते. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत ना?"

नाहीत. नोंद करताना ते एकाच शब्दात गुंडाळले, तर पेशंटने सांगितलेलं निम्मं वाया जातं.

नामाबरोबर येणारं क्रियापद आधी ऐका. कळ ‘येते’ आणि ‘जाते’. ती चढते, शिगेला पोचते, ओसरते. आतडं किंवा मूत्रनलिका यांसारखा पोकळ अवयव अडथळ्यापुढे जोर लावून आकसतो, तेव्हा दुखणं असं लाटेने येतं. मुतखड्याचा पेशंट गडाबडा लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. उलट ‘दुखतंय ते दुखतंयच, हलूसुद्धा देत नाही’ असं म्हणणारा पेशंट पाय पोटाशी घेऊन निपचित पडून असतो, खाटेला धक्का लागला तरी कळवळतो. इथे पोटाच्या आतल्या आवरणाला सूज असण्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना लगेच बोलवावं. मुरड्यात पिळवटणं आणि शौचाची घाई दोन्ही असतात. जाऊन आलं की थोडं बरं वाटतं, पुन्हा पिळवटतं. मुरडा म्हणाले की आव पडते का, शेम किंवा रक्त दिसतं का, हे विचारायचंच.

आणि कळचं अनेकवचन जपून ऐका. गरोदर बाईने ‘कळा येतायत’ म्हटलं, तर तो मजकूर पचनाच्या रकान्यात जात नाही.

‘गोळा’ जास्त फसवा. भीतीनेही पोटात गोळा येतो, वायूनेही येतो, आणि खरोखरची गाठ असली तरी घरातली माणसं तिला गोळाच म्हणतात. विचारायचा प्रश्न एकच: "हाताला लागतो का?" वायूचा असेल तर सहसा "नाही, आतल्या आत फिरतो" असं उत्तर येतं. हाताला लागणारा, रोज त्याच जागी असणारा गोळा वेगळा लिहायचा. ‘गच्च’, ‘टम्म’ आणि ‘कडक’ यांचंही तसंच. गच्च हे पेशंटला आतून वाटतं, टम्म फुगलेलं तुम्हाला बाहेरून दिसतं, कडक तुमच्या हाताला लागतं. पहिलं पेशंटचं सांगणं, पुढची दोन तुमची निरीक्षणं. पोट फळीसारखं कडक लागलं, तर वेळ दवडायचा नाही.

आता पित्त. मला सगळ्यात जास्त काळजी या शब्दाची वाटते. ‘पित्त झालं’ म्हणजे जळजळ, आंबट ढेकर. ‘पित्त पडलं’ म्हणजे उलटीतून कडू, पिवळं-हिरवं पाणी आलं. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे गांधी आल्या, म्हणजे त्वचेची तक्रार, जिच्यावर घरोघरी आमसुलाचं पाणी लावतात. ‘पित्ताने डोकं धरलंय’ ही चौथी तऱ्हा. शिवाय वैद्यकातलं पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. जळजळ ज्याने होते ते जठरातलं आम्ल, त्याचा या पित्ताशी संबंध नाही. पित्ताशयात खडे असलेली बाई जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखलं की ‘पित्त झालंय’ म्हणून महिनोन्‌महिने सोडा पीत राहते. त्याहून वाईट म्हणजे हृदयविकाराचा झटकाही कधी कधी पोटाच्या वरच्या भागातच जाणवतो. घाम फुटलेला, मळमळणारा साठीचा माणूस ‘काही नाही सिस्टर, पित्त आहे’ म्हणाला, तर नोंदीत त्याचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहावं, शेजारी नाडी, रक्तदाब आणि घाम लिहावा आणि डॉक्टरांना कळवावं. त्याच्या निदानाला आपली सही देऊ नये.

शौचाबद्दल विचारताना मराठी माणूस आडून बोलतो: परसाकडे, बाहेर, टॉयलेटला. ‘संडास’ तर जागाही आहे आणि मलही, आणि दोन्ही अर्थ फक्त लिंगावरून वेगळे होतात. संडास साफ ‘झाला’ म्हणजे खोली धुतली, साफ ‘झाली’ म्हणजे पोट मोकळं झालं. ‘जुलाब’ही दुहेरी आहे. मूळ फारसी गुलाब, अरबीतून फिरून आपल्याकडे आलेला. मराठीत रेचकालाही जुलाब आणि त्याने होणाऱ्या पातळ शौचालाही जुलाब. म्हणून ‘जुलाबाची गोळी घेतली’ यावर थांबू नका: होण्यासाठी घेतली की थांबण्यासाठी? उत्तर उलटं लागलं तर सगळी नोंद उलटी होते. ऑपरेशननंतर मात्र एकच विचारणा महत्त्वाची, ‘वारा सरला का?’ आतडी कामाला लागल्याची ती खूण आहे. संकोच नको, आजीसुद्धा याचं उत्तर सरळ देतात.

तपासणीच्या शब्दांबद्दलही थोडं. पोटाचा क्रम बाकीच्या शरीरापेक्षा वेगळा आहे: पाहणं, ऐकणं, ठोकणं, शेवटी चाचपणं. आधी हात लावला तर आतड्यांची हालचाल बदलते आणि स्टेथोस्कोपमध्ये भलतंच ऐकू येतं. मिनिटाला साधारण 5 ते 30 आवाज येतात. काहीच ऐकू येत नसेल तर ‘आवाज नाही’ लिहिण्याआधी पूर्ण 5 मिनिटं ऐकायचं. इथे ‘चाचपणं’ हा शब्द मला फार योग्य वाटतो. ‘दाबून बघते’ म्हटलं की पेशंट पोट आवळून घेतो. "आजी, लघवीला जाऊन आलात ना? गुडघे जरा वर घ्या, हात लावून बघते" असं म्हटलं की पोट सैल पडतं. हात आधी चोळून गरम करावा, दुखऱ्या जागेला सगळ्यात शेवटी लावावा आणि चाचपताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवावी. कपाळावरची आठी तोंडातल्या शब्दाआधी येते.

नाशिकचं म्हणून एक सांगते. सटाणा-मालेगावकडचा माणूस अहिराणीत ‘पोट दुखस’ म्हणेल, पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला आलेल्या बाईची बोली आणखी निराळी असेल. शब्द कळला नाही तर अंदाजाने प्रमाण मराठी शब्द घालू नका. "एका बोटाने दाखवा" म्हणा. कुठे दुखतं, कुठून सुरू झालं आणि कुठे सरकलं हे बोट नीट सांगतं. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली उतरलेलं दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं, आणि हा प्रवास एका ‘पोटदुखी’त दिसत नाही. म्हणून केसपेपरवर इंग्रजी संज्ञा जरूर लिहा, पण तिच्याआधी देवनागरीत, अवतरणात, पेशंटचं वाक्य असू द्या: "काल रात्री बेंबीपाशी कळ आली, सकाळपासून उजव्या बाजूला दुखतंय, चालताना खुपतं."