तारा कुठल्या टाकू, काका? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात जुनी गिटार घेताना काय बघायचं ते लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले निम्म्याहून जास्त तारांबद्दलच निघाले. म्हणून या वेळी फक्त तारा. सगळ्यांना जागा देता आली नाही, रागावू नका.

चोपड्याहून अकरावीतली एक वाचक लिहिते: काका, दिवाळीच्या पैशातून अकॉस्टिक गिटार घेतली. बोटांना अक्षरशः खड्डे पडतात आणि एफ कॉर्ड तर वाजतच नाही, नुसती खडखड. दुकानदार म्हणाला ट्वेल्व्हचा सेट आहे, हाच खरा, बारीक तारा म्हणजे खेळणं. क्लासचे सर म्हणतात टेन टाक. मी कोणाचं ऐकू?

सरांचं ऐक, पण तारा विकत घ्यायच्या आधी अजून एक काम कर. घरातली एटीएम कार्डं गोळा कर, नंबर उठलेला नसलेली सपाट घे, आईचं, बाबांचं, कोणाचंही चालेल. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. आता गिटारच्या बाराव्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवरच्या त्या धातूच्या दांडीवर, सहाव्या जाड तारेखाली ती एकावर एक ठेवून सरकव. तीन कार्डं जेमतेम बसली तर ठीक आहे. चार आरामात आत जात असतील तर तुझी ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, जास्त आहे, आणि मग टेन टाक नाहीतर रेशीम टाक, बोटं दुखणारच.

दुसरी तपासणी एफसाठी. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धर आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि दांडी यात किती फट उरते ते बघ. केसाएवढी हवी. त्यात कार्ड जात असेल तर नटच्या, म्हणजे पहिल्या फ्रेटच्या वर तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा उथळ आहेत, आणि एफ वाजत नाही त्यात तुझा काही दोष नाही बेटा, तो एफ माझ्याकडूनही नीट वाजणार नाही. नवीन स्वस्त गिटारमध्ये हे इतकं कॉमन आहे की क्लासला येणाऱ्या दर दुसऱ्या पोराची गिटार मी आधी हातात घेऊन हेच बघतो. रिपेअरवाला खाच थोडी खोल करून देतो, अर्ध्या तासाचं काम.

आता आकड्यांचं. टेन, ट्वेल्व्ह म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. टेन म्हणजे पाव मिलिमीटर, ट्वेल्व्ह म्हणजे 0.3 मिलिमीटर. ऐकायला फरक काहीच नाही वाटत, पण सूर तोच ठेवायचा तर ताण जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे पहिल्या तारेचा ताण टेनमध्ये जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो. पूर्ण सेटचं बघितलं तर 12-53 चा सेट (दुसरा आकडा सहाव्या तारेच्या जाडीचा) गिटारला सुमारे 73 किलोने ओढतो, म्हणजे सिमेंटची दीड गोणी त्या पातळ लाकडाला कायम लटकलेली, आणि 10-47 चा सेट सुमारे 60 किलोने. तुझी बोटं याच ओझ्याशी भांडतायत.

बारीक तारेचा तोटाही सांगतो नाहीतर म्हणशील काकांनी अर्धंच सांगितलं. आवाज थोडा पातळ होतो, खर्ज कमी होतो, आणि जोरात स्ट्रमिंग केलं तर तारा फ्रेटला लागून झणझणतात. ताण कमी झाला की नेक, म्हणजे गिटारची लांब मान, किंचित मागे सरळ होते, त्यानेही कधी कधी अशी झणझण (बझ) येते, मग ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई, थोडा सैल करावा लागतो, ते मात्र स्वतः यूट्यूब बघून करू नकोस. मधला मार्ग इलेव्हनचा, 11-52, मी बहुतेकांना वर्षभराने तिथेच थांबवतो. आणि "बारीक तारा म्हणजे खेळणं" हे जे आहे ना, ते विकणाऱ्याकडे त्या दिवशी कुठला सेट पडून होता यावर ठरतं.

पैसे लगेच खर्च करायचे नसतील तर एक जुगाड आहे. सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरव, ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो, आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लाव. सूर परत नेहमीचाच, तारा मऊ, आणि नट उंच असला तरी कॅपोमुळे तो मधून बाजूलाच झाला. आजपासूनच करता येईल.

भुसावळहून एक रेल्वे कर्मचारी विचारतात: भाऊ, पाकिटावर कुठे 80/20 ब्राँझ लिहिलेलं असतं कुठे फॉस्फर ब्राँझ. दोन्ही पिवळेच दिसतात. नेमका फरक काय आणि चांगलं कोणतं?

पहिली गंमत म्हणजे 80/20 ब्राँझ हे ब्राँझ नाहीच. ऐंशी टक्के तांबं आणि वीस टक्के जस्त, म्हणजे आपलं साधं पितळ. नाव तसंच चिकटलंय. फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं नव्वदच्या वर, बाकी कथील आणि चिमूटभर फॉस्फरस, त्यामुळे रंग जरा तांबूस. हा प्रकार डॅडारिओ कंपनीने 1974 मध्ये गिटारच्या तारांमध्ये आणला आणि आज बहुतेक लोक तोच वापरतात.

दुसरी गंमत, हे पितळ-ब्राँझ फक्त वरचं वेष्टन आहे. आतला गाभा दोन्हीत पोलादाचाच. आणि पहिल्या दोन तारांना वेष्टन नसतंच, त्या साध्या पोलादी, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना. म्हणजे सगळी चर्चा खालच्या चार तारांची. तुम्ही भजनाला तंबोरा ऐकला असेलच, त्यात खर्जाची तार पितळी आणि जोडीच्या तारा पोलादी, तसाच प्रकार समजा.

आवाजाचं म्हणाल तर पितळी सेट नवा असताना खणखणीत, अगदी नव्या भांड्यासारखा, पण ती चमक लवकर उतरते, घामाचा हात असेल तर आठवड्याभरातही. फॉस्फर थोडा गोल, ऊबदार, आणि जास्त दिवस तसाच राहतो. तुमची गिटार मुळात दबक्या आवाजाची असेल तर पितळ टाकून बघा, कर्कश असेल तर फॉस्फर. मला विचाराल तर आपल्या हवेत फॉस्फर, पुढच्या पत्रात कारण येतंच आहे.

रावेर तालुक्यातून एक केळीवाले शेतकरी दादा: महिन्याभरात तारा काळ्या पडतात ना भो! पोरगा म्हणतो यूट्यूबवर तारा उकळायला सांगतात. उकळू का?

उकळा, पण त्या पाण्यात डाळ शिजवू नका म्हणजे झालं. उकळून वेष्टनाच्या वळशांत अडकलेला मळ निघतो आणि दोन-चार दिवस आवाज उघडतो, पण गंज काही निघत नाही, आणि एकदा काढलेली तार परत पीळ देऊन बसवली की पेगपाशी, म्हणजे सूर पिळायच्या खुंटीपाशी, तुटायची शक्यता वाढते. बेस गिटारवाले करतात कारण त्यांचा सेट महाग. आपण नाही करायचं.

काळं का पडतं ते बघू. एक तर घाम, त्यात मीठ. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा गिटार वाजवणं म्हणजे तारांना मिठाचं पाणी लावणंच. दुसरं, आणि हे मी विचारणारच होतो, गिटार ठेवता कुठे? आपल्याकडे घरोघरी कूलर, आणि खोलीतली सगळ्यात गार जागा म्हणून गिटार बरोबर कूलरसमोर टेकवलेली असते. ती ओली हवा दिवस-रात्र तारांवर. लाकूडही फुगतं, ॲक्शन वर जाते, मग वाटतं गिटार बिघडली. बॅगेत ठेवा, कूलरच्या झोतापासून लांब, आणि गच्चीखालच्या तापलेल्या भिंतीलाही टेकवू नका, गोंद सैल होतो.

तिसरं कारण खास आपलं. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी, वरून तेल चमकतंय, हात नुसते पानाला पुसले आणि कोणीतरी म्हणतं, हं, आता गाणं होऊ द्या. मीही वाजवलेलं आहे, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तारांना लसणाचा वास. हात साबणाने धुवा आणि वाजवून झाल्यावर सुती फडक्याने एकेक तार खालून-वरून चिमटीत धरून पुसा, खालची बाजू विसरतात सगळे. एवढ्यानेच आयुष्य दुप्पट झालेलं बघितलंय मी.

तरीही जमत नसेल तर कोटेड तारा घ्या, वरून अतिशय पातळ थर असतो. एलिक्सरवाल्यांनी 1990 च्या दशकात आणल्या, आता बऱ्याच कंपन्या करतात. महाग असतात, हाताला किंचित गुळगुळीत लागतात, काहींना ते अजिबात आवडत नाही, पण घामट हातासाठी शेवटी स्वस्तच पडतात.

नंदुरबारहून एक ताई: माहेरी मामांची जुनी गिटार सापडली, तीन तारा प्लॅस्टिकसारख्या पारदर्शक आहेत. मुलाला स्टीलचा आवाज आवडतो. त्या काढून स्टीलच्या टाकल्या तर चालेल ना?

नाही ताई. अजिबात नाही. ती क्लासिकल गिटार आहे, नायलॉन तारांची. पूर्वी आतड्याच्या तारा असायच्या, दुसऱ्या महायुद्धात त्या मिळेनाशा झाल्या आणि 1940 च्या दशकात नायलॉन आलं. तिच्यावर ओढ असते चाळीस किलोच्या आसपास आणि आतल्या पट्ट्या तेवढ्याच हिशोबाने बसवलेल्या असतात. स्टील टाकलंत की ओझं दीडपट ते दुप्पट. मी एकोणीस वर्षांचा असताना मित्राच्या गिटारला हेच केलं होतं, दोन दिवस काय सुंदर वाजली, तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना आतल्या खोलीतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला, जाऊन बघतो तर ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो लाकडी तुकडा, उखडून तारांना लोंबकळतोय. मित्राच्या वडिलांनी पुढे दोन वर्षं मला घरात घेतलं नाही. नायलॉनचाच नवा सेट घ्या, नॉर्मल टेन्शनचा, आणि मुलाला सांगा की बोटं कमी दुखतात हा फायदा बघ. बसवल्यावर चार-पाच दिवस सूर सारखा उतरत राहील, नायलॉन ताणलं जातं, घाबरू नका.

धुळ्याहून एक कॉलेजकुमार: पहिली तार दर पंधरा दिवसांनी तुटते. कंपनी बदलली तरी तेच. एक तुटली की पूर्ण सेट बदलायचा का?

आधी तुटलेला तुकडा फेकू नकोस, तो कुठे तुटला ते बघ. ब्रिजजवळ तुटत असेल तर सॅडलवर, त्या पांढऱ्या पट्टीवर, तारेने बारीक धारदार खाच पाडली असेल, तार काढून अगदी बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरव. पेगजवळ तुटत असेल तर भोकाची कड टोचतेय. नटजवळ असेल तर तार खाचेत आवळतेय, पेन्सिलचं शिसं घास.

बसवतानाही बघ, तारेचा गोल मणी ब्रिजच्या भोकात टाकायच्या आधी टोक जरा वाकव, तो अडकवणाऱ्या पिनची खाच नेककडे कर, पिन अंगठ्याने दाबून धर आणि तार हळू वर ओढ, मणी आतून लाकडाला टेकल्याचं हाताला कळतं. तो पिनच्या टोकावरच राहिला तर ताण दिला की पिन टुणकन उडते आणि लोक समजतात तार खराब.

सेट नवा असेल तर एकच तार बदल, दोन-तीन महिने जुना असेल तर सगळा, कारण जुन्या पाच तारांत एक नवी ओरडते. सुट्टी पहिली तार मिळते, दोन-तीन बॅगेत टाकून ठेव. आणि ट्यूनर अ‍ॅपवर ई दिसेपर्यंत पिळताना एकदा खात्री कर की ई मागेच येऊन गेलेलं नाहीये.